ऑनलाइन एम.कॉम.चा रिव्ह्यू, फी भरायच्या आधी एकदा वाचा

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले, आता शेवटच्या सेमिस्टरचं मार्कशीट हातात आलंय तर बसलेच लिहायला. मोठं होणार आहे, पण ज्यांना नोकरी सांभाळून घरी बसून डिग्री करायचीय त्यांनी वाचाच, विशेषतः बायकांनी.

मी आटपाडी तालुक्यात एका पतसंस्थेत क्लार्क आहे. वय ३९, पोरगी सातवीत, घरी सासूबाई आणि दोन म्हशी, मिस्टर ट्रकवर असतात म्हणजे महिन्यातले वीस दिवस बाहेर. २०२२ च्या जुलैत मी एका खाजगी विद्यापीठाचं ऑनलाइन एम.कॉम. घेतलं, चार सेमिस्टर, प्रत्येकी १५ हजार, हप्त्याने. विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम देत नाहीये, कारण दुसऱ्या दोन विद्यापीठांतल्या ओळखीच्या लोकांशी बोलले तर त्यांचं पण बरचसं हेच निघालं, त्यामुळे नाव बघून सोडून देण्यापेक्षा काय बघायचं ते कळलं तर जास्त उपयोग होईल.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं आहेच. पहाटे साडेचारला धारा काढायच्या आधी पाऊण तास आणि रात्री पोरगी झोपल्यावर एक तास, एवढाच माझा वेळ, आणि ह्या वेळेत जगातलं कुठलं कॉलेज मला शिकवायला उघडं असतं सांगा. अ‍ॅपमध्ये कधीही जा, व्हिडिओ आहे, पीडीएफ आहे, युनिट संपलं की दहा प्रश्नांची टेस्ट आहे, चुकलं की परत देता येते. अकाउंटिंगच्या पेपरला मला ह्याचा फार फायदा झाला. आमच्याकडे काम मराठीत चालतं, किर्द, खतावणी, तेरीज, घसारा सगळं येतं, पण तेच इंग्रजीत विचारलं की एक क्षण थबकायला होतं. त्या छोट्या टेस्ट दहा दहा वेळा देऊन मी ते सगळे शब्द तोंडपाठ केले. आता ऑडिटर साहेब आले की मी त्यांच्याच भाषेत बोलते, आणि हा फायदा मी पैशात नाही मोजत.

आता व्हिडिओंबद्दल. एकेक लेक्चर पन्नास मिनिटांचं, एक तासाचं. सर खुर्चीत बसून पीपीटी वाचतात, पीपीटीवर जे आहे तेच, तेवढ्याच क्रमाने. सर हुशार नाहीत असं नाही, पण ते वर्गात शिकवायची सवय असलेले, समोर कोणी नाही आणि कॅमेरा चालू आहे अशा वेळी काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नसणार. मी नंतर ह्यावर थोडं वाचलं. अमेरिकेतल्या एडएक्स नावाच्या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या कोर्सेसचा २०१४ साली एक अभ्यास झाला होता, ६९ लाख वेळा व्हिडिओ बघितल्याची नोंद घेऊन, त्यात निघालं की साधारण ६ मिनिटांच्या पुढे माणसाचं लक्ष टिकत नाही, आणि गुळगुळीत स्टुडिओपेक्षा सर टेबलाशी बसून साधेपणाने, उत्साहाने बोलले तर लोक जास्त वेळ बघतात. हे वाचून मला बरं वाटलं, कारण तोपर्यंत मला वाटत होतं की मलाच आता बसवत नाही, वय झालं, डोकं चालत नाही. बाकीच्यांना पण असंच वाटत असेल तर त्यांनी स्वतःला दोष देऊ नका, तासाचा व्हिडिओ मोबाईलच्या चार इंच स्क्रीनवर, तेही दिवसभर काउंटरवर बसून आल्यावर, कोणालाच झेपत नाही. आणि डेटा किती जातो बघा, आमच्या गावात दीड जीबीचा पॅक रात्री दहापर्यंत संपतो. नुसता आवाज डाउनलोड करायची सोय दिली असती तर मी म्हशींचं करता करता ऐकलं असतं. दोनदा लिहून कळवलं मी हे.

लाइव्ह क्लास शनिवारी संध्याकाळी ६ ते ८. हा टाइम कोणी ठरवला माहीत नाही पण खेड्यातल्या घरात संध्याकाळी ६ ते ८ म्हणजे काय असतं हे त्या माणसाला नक्कीच माहीत नव्हतं. दूध घालायला जायचं असतं, स्वयंपाक असतो, आणि आमच्याकडे नेमकी त्याच वेळेला लाईट जाते. पहिल्या सेमिस्टरला मी बारापैकी तीन क्लास केले. रेकॉर्डिंग टाकायचे पण चार चार दिवसांनी, आणि त्यात मुलांनी चॅटमध्ये विचारलेले प्रश्न दिसायचे नाहीत, नुसतं सर म्हणतायत 'हो बरोबर', 'नाही तसं नाही', आता कशाला हो आणि कशाला नाही ते आपण शोधायचं.

पण हे सगळं मी चालवून घेतलं असतं. खरा मुद्दा पुढचा आहे.

माझं बी.कॉम. मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून केलंय, २०१२ ला पास झाले. तेव्हा माझ्याकडे साधा फोन होता. तालुक्याच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, पुस्तकं मराठीत, रविवारी संपर्कसत्र, आणि आम्हाला शिकवायला समंत्रक म्हणून त्याच कॉलेजचे एक सर. त्या सरांना माझं नाव माहीत होतं. एकदा पोरगी पोटात असताना मी दोन रविवार गेले नाही तर तिसऱ्या रविवारी सरांनी माझ्या मैत्रिणीबरोबर निरोप पाठवला की परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिलाय, तारीख जवळ आलीय, तिला ये म्हणावं. तो निरोप आला नसता तर माझं ते वर्ष गेलं असतं आणि खरं सांगते, वर्ष गेलं असतं तर मी परत आले नसते. मुक्त विद्यापीठ १९८९ ला सुरू झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले सर, आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे विद्यापीठाचं ब्रीद. लोकांना वाटतं घरोघरी म्हणजे पुस्तक घरपोच. मला त्या निरोपाने कळलं की गंगा घरी यायला कोणीतरी वाट काढून द्यावी लागते.

आणि हे त्या काळी पण काही नवीन नव्हतं. इंग्लंडचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ ला झालं, १९७१ च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी बसले, आणि तिथं टीव्ही रेडिओवर लेक्चर असली तरी प्रत्येक विद्यार्थ्याला एक ट्यूटर दिलेला, तो निबंध तपासणार आणि कुठं काय चुकलं ते लिहून पाठवणार. म्हणजे ज्यांनी दूरशिक्षण मोठ्या प्रमाणावर उभं केलं त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की नुसता धडा पाठवून चालत नाही. मायकेल मूर म्हणून ह्या विषयातले एक अभ्यासक आहेत, त्यांचं म्हणणं असं की दूरशिक्षणातलं खरं अंतर किलोमीटरचं नसतं, शिकवणारा आणि शिकणारा ह्यांच्यात बोलणं किती होतं त्यावर ते अंतर ठरतं. हे वाचलं आणि मला माझी दोन वर्षं समोर दिसली. नाशिक आटपाडीपासून कितीतरी लांब, पण बी.कॉम.ला मी जवळ होते. एम.कॉम. माझ्या हातातल्या मोबाईलमध्ये होतं आणि मी लांब होते.

एम.कॉम.ला आम्हाला 'मेंटर' दिला होता. प्रवेशाच्या आधी त्या मॅडमचे दिवसाला तीन तीन फोन, ताई घ्या घ्या, शेवटच्या सीटा. फी भरल्यावर फोन फक्त हप्त्याच्या तारखेला. मी एकदा त्यांना मार्जिनल कॉस्टिंगचं एक गणित अडलंय म्हणून विचारलं तर त्या म्हणाल्या मॅडम ते अकॅडमिक आहे, तिकीट टाका, म्हणजे अ‍ॅपवर लेखी प्रश्न नोंदवा. त्यांच्यावर माझा राग नाही, त्या बिचाऱ्या पगारावर, त्यांना तेवढंच काम दिलेलं. तिकीट टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, कृपया युनिट ४ चा व्हिडिओ बघावा. अहो तोच बघून तर विचारलं होतं ना.

चर्चेसाठी एक फोरम होता त्यात मी एकदा डोकावले, शेवटचा प्रश्न सात महिन्यांपूर्वीचा, कोणीतरी विचारलं होतं 'असाइनमेंटची शेवटची तारीख काय', आणि खाली एकही उत्तर नाही. असा फोरम बघितला की माणूस आपला प्रश्न तिथं टाकतच नाही. मी पण नाही टाकला.

असाइनमेंटचं पण तेच. मी चौदा पानं हाताने लिहून स्कॅन करून टाकली, वीसपैकी सोळा मार्क आले, एक शब्द लिहिलेला नाही. चार मार्क कशाचे गेले? मला आजपर्यंत माहीत नाही. मला मार्क वाढवून नको होते हो, मला कळायला हवं होतं.

आता परीक्षा. दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा घरूनच होती, लॅपटॉपचा कॅमेरा चालू ठेवून, मागे कोणी दिसायला नको, नजर इकडे तिकडे गेली की लाल इशारा. भावाचा लॅपटॉप आणला, पोरीला शेजारी पाठवलं, सासूबाईंना सांगून ठेवलं की दोन तास हाक मारू नका. तिसरा पेपर, चाळीस मिनिटं झाली आणि लाईट गेली, राउटर बंद. मी लगेच मोबाईलच्या नेटवर जोडून परत लॉगिन केलं, चार मिनिटं पण नसतील गेली, तर स्क्रीनवर 'तुमचे सत्र संपले आहे'. हेल्पलाइनला फोन लावला, रविवार होता, कोणी उचलला नाही. त्या दिवशी मी रडले. तिकीट टाकलं त्याचं उत्तर १९ दिवसांनी, पुढच्या सेमिस्टरला तो पेपर परत द्या म्हणून. दिला मी, पास झाले, पण त्या १९ दिवसांत मी तीन वेळा सोडून द्यायचं ठरवलं होतं. परीक्षा चालू असताना एक माणूस फोनवर आणि तुटलं तर दहा मिनिटांत परत आत यायची मुभा, एवढं केलं असतं तरी पुरलं असतं, आमच्या भागात लाईट जाते ही काही गुप्त गोष्ट नाही.

तिसऱ्या सेमिस्टरला संशोधन पद्धती आणि सांख्यिकी आलं आणि तिथं मी पूर्ण अडकले. शून्य परिकल्पना म्हणजे काय, पी व्हॅल्यू कमी आली तर ती स्वीकारायची का नाकारायची, काही म्हणजे काही डोक्यात जाईना. तेव्हा ऑफिसमधल्या एका पोराने सांगितलं की 'स्वयं' नावाच्या वेबसाइटवर बघा, फुकट असतं. स्वयं हे केंद्र सरकारचं, जुलै २०१७ ला सुरू झालेलं, त्यावर एनपीटीईएलचे कोर्स असतात. एनपीटीईएल त्याच्याही आधीचं, २००३ पासूनचं, आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी मिळून चालवतात. मला आयआयटी ऐकूनच भीती वाटली होती पण ८ आठवड्यांचा एक कोर्स घेतला, आणि ज्यांना कोर्सची आखणी कशी असावी हे बघायचंय त्यांनी तिथं जाऊन बघावं.

दर आठवड्याचं ठरलेलं, अडीच तीन तासांचं काम, पण छोटे छोटे तुकडे करून. आठवड्याची असाइनमेंट, शेवटची तारीख पहिल्या दिवसापासून लिहिलेली. आठपैकी सगळ्यात चांगल्या ६ असाइनमेंटची सरासरी धरतात, म्हणजे पोरगी आजारी पडली, लग्नसराई आली, दोन आठवडे गेले तरी तुम्ही बाहेर फेकले जात नाही. हा एवढासा नियम आहे पण तो करणाऱ्याने घरसंसार असलेला माणूस डोळ्यासमोर ठेवला असणार असं मला वाटतं. असाइनमेंटला २५, परीक्षेला ७५. फोरमवर मी भीत भीत, मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला रात्री अकराला, दुसऱ्या दिवशी दुपारी टीए म्हणजे सरांच्या मदतनीस मुलाचं उत्तर, चार ओळींचं, आमच्या पतसंस्थेच्या कर्जाचंच उदाहरण घेऊन, कारण मी प्रश्नात तसं लिहिलं होतं. म्हणजे त्याने माझा प्रश्न वाचला होता. काही कोर्सला मराठीत लिखित ट्रान्सक्रिप्ट पण मिळते, ते शोधून बघा. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची, फी मी दिली तेव्हा १००० रुपये, पहाटेची एसटी धरून कोल्हापूरला गेले. लांब पडलं, दिवस गेला, पण कॅमेऱ्याची भीती नाही, लाईटची भीती नाही, शेजारी पंचवीस वर्षांची पोरं बसलेली, मी पण त्यांच्यासारखीच एक. ६८ आले. ६० च्या वर एलिट लिहून सर्टिफिकेट येतं, ते मी फ्रेम करून लावलंय.

न्याय म्हणून हे पण सांगते की एनपीटीईएलला विद्यार्थी स्वतःहून मागं लागणारा लागतो. तुम्ही गायब झालात तर कोणी फोन करून विचारणार नाही. मी तेव्हा अडलेली होते, गरज होती, म्हणून टिकले. पहिल्यांदाच शिकायला परत आलेल्या बाईला तेवढ्यावर सोडलं तर ती दुसऱ्या आठवड्यात थांबेल.

एम.कॉम.ला चौथ्या सेमिस्टरला एक मॅडम आल्या प्रोजेक्टसाठी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात आम्हा ११ जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला आणि विचारलं की तुम्हाला कुठली वेळ जमते. मतं घेऊन रविवारी सकाळी ७ ठरली. अर्धा तासच, पण दर रविवारी. माझा प्रोजेक्ट आमच्या पतसंस्थेच्या थकीत कर्जांवर होता. पहिला मसुदा पाठवला तर परत आला तो लाल अक्षरांनी भरून, आणि शेवटी दोन ओळी, 'तुमच्याकडे जी माहिती आहे ती पुस्तकात नाही, ती अजून लिहा.' ह्या दोन ओळींवर मी पुढची चाळीस पानं लिहिली. विद्यापीठ तेच, अ‍ॅप तेच, फी तेवढीच. त्या सेमिस्टरला आमच्या ग्रुपमधला एकही जण गळला नाही. पहिल्या सेमिस्टरला माझ्या ओळखीचे सहा जण होते, दुसऱ्यापर्यंत दोघं राहिलो होतो.

म्हणून मला विद्यापीठवाल्यांना सांगायचंय, मदत ही कोर्सच्या बाहेरची गोष्ट समजू नका. व्हिडिओ कोणी शूट करायचा, पीपीटी कोणी करायची हे जसं आधी ठरवता तसंच प्रश्नाला उत्तर कोण देणार, किती तासांत देणार, दोन आठवडे कोणी लॉगिन केलं नाही तर त्याला फोन कोण करणार, हे पण तेव्हाच ठरवा आणि त्या माणसाला त्याचा पगार द्या. अ‍ॅपला सगळं दिसतं, कोण कधी आलं, कुठल्या मिनिटाला व्हिडिओ बंद केला. हप्ता चुकला की दुसऱ्या दिवशी फोन येतो तर अभ्यास चुकला की का येऊ नये? आमच्या पतसंस्थेत पण बघते मी, कर्ज थकल्यावर नोटीस पाठवून वसुली होत नाही, पहिला हप्ता चुकला की घरी जाऊन काय झालं विचारलं की होते.

घेणाऱ्यांसाठी थोडं. डिग्री चालते का, हा पहिला प्रश्न सगळे विचारतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरतात. पण मान्यता विद्यापीठाला असून पुरत नाही, त्या कोर्सला आणि त्या सत्राला आहे का ते यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या वेबसाइटवर स्वतः बघायचं, एजंटच्या शब्दावर जायचं नाही. फ्रँचायझी देऊन कोर्स चालवायला परवानगीच नाही, त्यामुळे कोणी गाळ्यात बोर्ड लावून 'आमच्याकडे प्रवेश, पेपर पण आम्हीच लिहून देतो' म्हणत असेल तर तिथून निघा. आता प्रवेशाला डीईबी आयडी काढावा लागतो, तो स्वतःच्या मोबाईलवरून काढा, पासवर्ड दुसऱ्याच्या हातात देऊ नका. पुस्तकं छापील मिळणार का, परीक्षा घरून की केंद्रावर, माध्यम मराठी आहे का नुसतं जाहिरातीत आहे, हे लेखी विचारा.

माझे स्टार. अभ्यास साहित्य ५ पैकी ३. अ‍ॅप ३. परीक्षेची व्यवस्था १. विद्यार्थ्याला मदत पहिली तीन सेमिस्टर १, चौथ्याला ५, आणि ते पाच विद्यापीठाचे नाहीत, त्या मॅडमचे आहेत. एम.कॉम. झाल्याचा पस्तावा अजिबात नाही, पतसंस्थेत मला आता ज्युनिअर ऑफिसरच्या परीक्षेला बसता येणार आहे.

माझ्या नणंदेच्या सुनेला एम.ए. करायचंय, गेल्या आठवड्यात माहितीपत्रकं घेऊन आली होती तीन विद्यापीठांची, रंगीत. मी तिला म्हटलं ही बाजूला ठेव, तिन्ही ठिकाणी आत्ता शिकत असलेला एकेक जण शोध आणि त्याला एवढंच विचार, शेवटचा प्रश्न कधी विचारलास आणि उत्तर कधी आलं. दोघांचं उत्तर आलंय तिच्याकडे, एक म्हणाला महिना झाला, अजून नाही, दुसरा म्हणाला काल विचारला, आज सकाळी सरांचा फोन आला. तिसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय.